ठिबकला ॲसिड सोडलं तरी ड्रिपर चोकच: कुठे चुकतं आणि काय तपासायचं

लक्षणं

आपला आजार हाच आहे का, ते आधी पाहा.

- लॅटरलच्या (झाडांच्या ओळीतल्या ड्रिपरच्या नळीच्या) सुरुवातीला जमीन ओली, शेवटच्या झाडांपाशी मात्र धूळ.
- ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर, नखाने खरवडला तर भुकटी होणारा.
- ॲसिड सोडलं की चार दिवस बरं, मग परत तेच. किंवा काहीच फरक नाही.
- खताच्या टाकीत 12:61:00 हे फॉस्फेटचं खत टाकलं की पाणी दुधाळ होतं.
- घरच्या कूलरला त्याच ट्यूबवेलचं पाणी असेल तर कूलरचं गवत एका उन्हाळ्यात पांढरं आणि कडक होतं.

यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढे वाचा.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात मी ठिबकची कामं करतो आणि ही एकच दुरुस्ती दरवर्षी पुन्हा पुन्हा करतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडी लावलेली) निसवायला लागते, ऊन चढतं आणि फोन सुरू होतात. मे महिन्यात बागायती कापूसवाले. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भो, ॲसिड तं सोडलं, पन काहीच फरक नाई." किती सोडलं विचारलं की उत्तर येतं, एक कॅन, दोन कॅन, बाजूच्या शेतकऱ्याने सांगितलं तेवढं. पाण्यात बायकार्बोनेट (ॲसिड खाऊन टाकणारा विरघळलेला क्षार) किती, हे मात्र सांगता येत नाही. ॲसिडची मात्रा कॅनवर ठरत नाही, ती तुमच्या पाण्यावर ठरते. बाजूच्या शेतातल्या ट्यूबवेलची मात्रा तुमच्या ट्यूबवेलला लागू पडेलच असं नाही.

खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चाकडे लावल्या आहेत. मधलं सोडून एकदम ॲसिडवर उडी मारू नका.

पहिली तपासणी: नळीचं टोक उघडा आणि लिंबू घ्या

पंप चालू ठेवून शेवटच्या दोन-चार लॅटरलचे एंड कॅप काढा आणि पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. बोटाला खरखर लागली तर ती वाळू किंवा गाळ. शेवाळी, बुळबुळीत, वास मारणारं आलं तर जैविक घाण. तांबूस-तपकिरी असेल तर लोह. पांढरी पापडी निघाली तर बहुतेक चुना.

"बहुतेक" म्हणतोय, कारण नुसता रंग पाहून पैसे खर्च करायचे नसतात. ती पापडी स्टीलच्या चमच्यात कुटा आणि वर अर्धं लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. लिंबातलं सायट्रिक आम्ल आणि चुनखडी यांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच बुडबुडे. चुनखडी इथे आम्लारीचं काम करते, म्हणजे आम्लाचा जोर मारते. शाळेत याला उदासिनीकरण म्हणायचे.

ही तपासणी का? कारण आम्ल फक्त आम्लारीला खातं. वाळू ॲसिडमध्ये विरघळत नाही. बुळबुळीत घाणीला क्लोरीन लागतं. जिप्समचा थरही पांढराच असतो, पण लिंबाला दाद देत नाही आणि ॲसिडलाही फारशी देत नाही. बुडबुडे नसतील तर ॲसिडचा विचार इथेच सोडा.

बुडबुडे हळू आले म्हणून निराश होऊ नका. सायट्रिक हे सौम्य आम्ल आहे. पुढे ॲसिड विकत घेताना या शब्दाचा उपयोग होणार आहे.

दुसरी तपासणी: फिल्टर आणि प्रेशर

थोडक्यात सांगतो. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोच्या वर फरक असेल तर आधी सँड फिल्टर बॅकवॉश करा, जाळी धुवा. मग सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपचे) फ्लश व्हॉल्व्ह, त्यानंतर लॅटरलची टोकं, याच क्रमाने पाणी काढा. उलट केलं तर सबमेनची घाण धुतलेल्या लॅटरलमध्ये जाऊन बसते.

मग ड्रिपरखाली डबा ठेवून मोजा. ताशी चार लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत 200 मिलि देतो, दोन लिटरचा 100 मिलि. पहिली, मधली आणि शेवटची लॅटरल घ्या, प्रत्येकीवर पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर मोजा. आकडे वहीत लिहा, नाहीतर नंतर सुधारणा झाली की नाही यावरून घरातच वाद होतो. सगळीकडे सारखंच कमी पाणी असेल तर दोष पंपात किंवा प्रेशरमध्ये आहे. कुठे पूर्ण, कुठे निम्मं, कुठे थेंबच, असं असेल तर ड्रिपर चोक आहेत.

तिसरी तपासणी: ताज्या पाण्याचा सामू (पीएच)

लिटमसने इथे भागत नाही. लिटमस फक्त आम्ल की आम्लारी एवढंच सांगतो. आपल्याला आकडा हवा, म्हणून एक ते चौदा रंगांची पीएच पट्टी घ्या. महाग नसते. मीटर असेल तर चार आणि सात अशा ठरलेल्या सामूच्या बफर द्रावणात आधी जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरपेक्षा पट्टी बरी. हळदीवर जाऊ नका. हळद लाल व्हायला पाणी चांगलंच अल्कधर्मी लागतं. आपलं पाणी साडेसात-आठच्या आसपास असतं, त्यात हळद पिवळीच राहते आणि माणूस समजतो की पाणी निर्दोष आहे.

सामू म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन किती मोकळे फिरताहेत याचं माप. 1909 मध्ये सॉरेन्सन या डॅनिश रसायनतज्ज्ञाने कोपनहेगनमध्ये बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना ही मोजपट्टी मांडली. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी. एक आकडा उतरला की आयन दहापट होतात. आठवरून चारवर यायचं म्हणजे दहा हजार पट. आकडा निम्मा झाला म्हणून आंबटपणा दुप्पट, असा हिशेब लावू नका.

आता एक गंमत करून पाहा. पंपाच्या तोंडाशी पाणी घेऊन लगेच पट्टी लावा. तेच पाणी उघड्या बादलीत ठेवून दुसऱ्या दिवशी परत लावा. आमच्याकडच्या ट्यूबवेलना सकाळी सव्वासात दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी आठ दाखवतं. कुणी काही टाकलेलं नसतं. जमिनीखाली दाबात असताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो हवेत उडून जातो. त्याच्याबरोबर आम्लपणा जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये बदलतं. तुमच्या ड्रिपरच्या तोंडाशी हेच रोज घडतं. त्यात जळगाव-भुसावळचं ऊन. काळी नळी दुपारी हाताला चटका देते, आणि चुनखडी गरम पाण्यात आणखी कमी विरघळते. पंप बंद केल्यावर नळीत उरलेलं पाणी दिवसभर तापतं आणि थर बसवतं. म्हणून बाटलीत भरून, गाडीच्या डिकीत ठेवून संध्याकाळी तपासलेल्या सामूवर मी विश्वास ठेवत नाही.

चौथी तपासणी: बादलीतली चाचणी

सगळं घोडं इथेच अडतं. लोक सामू पाहतात, "साडेसातच आहे, म्हणजे जवळपास सात, थोडं ॲसिड पुरेल" असं म्हणतात आणि फसतात.

सामू म्हणजे बैल आत्ता किती भुकेला दिसतो ते. बायकार्बोनेट म्हणजे तो एकूण किती चारा फस्त करणार ते. दोन ट्यूबवेलचा सामू सारखा साडेसात असू शकतो, पण एकीचं पाणी दुसरीच्या चौपट ॲसिड पिऊन टाकतं. या पिण्याच्या ताकदीला प्रयोगशाळेच्या कागदावर अल्कलिनिटी म्हणतात. पाणी अल्कधर्मी असणं, म्हणजे सामू सातच्या वर असणं, ही वेगळी गोष्ट.

एक शंका पोरं नेहमी काढतात. आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड देणारा, असं शाळेत शिकलो, मग बायकार्बोनेटमध्ये हायड्रॉक्साइड कुठे आहे? ती आर्हेनियस या रसायनतज्ज्ञाची जुनी व्याख्या. 1923 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी या दोघा रसायनतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे ती रुंद केली. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. प्रोटॉन म्हणजे इथे हायड्रोजन आयनच. बायकार्बोनेट तुमच्या ॲसिडचा प्रोटॉन घेतो आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड होऊन संपतो. तो शिल्लक असेपर्यंत सामू नीट खाली येत नाही.

आता कृती. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत.

प्लॅस्टिकच्या भांड्यात 900 मिलि पाणी घ्या आणि त्यात 100 मिलि हायड्रोक्लोरिक ॲसिड हळूहळू सोडा. नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. ॲसिड पातळ होताना उष्णता निघते. पाणी जास्त असेल तर ती पाण्यात जिरते, ॲसिड जास्त असेल तर उसळून तोंडावर येतं. सल्फ्युरिकच्या बाबतीत तर नक्कीच.

दुसऱ्या बादलीत मोजून दहा लिटर ताजं पाणी घ्या. सुई काढलेल्या सिरिंजने हे पातळ ॲसिड पाच-पाच मिलि टाका, ढवळा, थोडं थांबा, पट्टी लावा. टाकलेल्या प्रत्येक दहा मिलिमागे मूळ ॲसिड एक मिलि धरायचं.

पट्टीकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला सामू सातच्या आसपास उतरतो आणि मग रेंगाळतो. लागणारं निम्मं ॲसिड गेलं तरी सहा-साडेसहाच. बरेच जण इथे कंटाळून "हे ॲसिडच बोगस" म्हणतात. टाकत राहा. बायकार्बोनेट संपत आलं की साडेचारच्या खाली सामू धाडकन पडतो, पाच मिलिने रंग पार बदलतो. तो आकडा लिहून ठेवा.

उदाहरण घेऊ. पाण्यात बायकार्बोनेट लिटरला 366 मिलिग्रॅम असेल, तर 61 ने भागून 6 मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल आणि आम्लारी एकाच मापात मोजायचं एकक). 35 टक्के हायड्रोक्लोरिकच्या एका मिलित अशी साधारण 11.3 मिलिइक्विव्हॅलंट असतात. म्हणजे हजार लिटर पाण्याला जवळपास 530 मिलि ॲसिड नुसतं बायकार्बोनेट मारण्यात जातं. त्यानंतर सामू चारवर आणायला फक्त नऊ मिलि. तीनवर आणायला साधारण 90 मिलि. आणि दोनवर आणायचं म्हटलं तर जवळपास 900 मिलि. म्हणून मी तीन-चारच्या दरम्यान थांबतो. दोनचा हट्ट म्हणजे ॲसिडचा खर्च दुपटीच्या वर, आणि लोखंडी फिटिंगची वाट लावणं वेगळंच.

पाचवी तपासणी: एकराचा हिशेब

पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एकरी 1742 झाडं. झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे ताशी जवळपास 14,000 लिटर. ॲसिड वीस मिनिटं सोडायचं तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी जातं. वरच्या उदाहरणातलं पाणी असेल तर त्याला सुमारे अडीच ते तीन लिटर ॲसिड हवं. एक लिटर सोडलं तर सामू साडेसहाच्या आसपास घुटमळतो आणि चुनखडी जागची हलत नाही. ते लिटर पाण्यातल्या बायकार्बोनेटने खाल्लं, थरापर्यंत ते पोचलंच नाही. "काहीच फरक नाई" मागे बहुतेक वेळा हीच गोष्ट सापडते.

सहावी तपासणी: कॅनवरचं लेबल

दुकानात "स्ट्राँग द्या" म्हणून कॅन आणणारे बरेच. तीव्र आणि संहत यांत इथे घोळ होतो. तीव्र म्हणजे पाण्यात गेल्यावर आपले सगळे हायड्रोजन आयन एकदम मोकळे करणारं आम्ल: हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक. सौम्य म्हणजे लागतील तसे सोडणारं: सायट्रिक, ॲसेटिक. संहत आणि विरल हे मात्र लिटरमध्ये माल किती आहे ते सांगतात. संडास साफ करायच्या बाटलीतलं दहा टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक तीव्रच असतं, पण विरल. उलट संहत ॲसेटिक सौम्य असूनही कातडी जाळतं.

आपल्या कामाला लेबलवरचे टक्के महत्त्वाचे. वरचा हिशेब 35 टक्क्यांचा आहे. 30 टक्क्यांचं आणलं तर ॲसिड साधारण एक पंचमांश जास्त लागेल. लेबलवर टक्केच नसतील तर तो कॅन घेऊ नका. दुकानदार ओळखपत्र मागेल आणि वहीत नोंद करेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशापासून तो नियम आहे, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

फॉस्फोरिकबद्दल वेगळं सांगतो, कारण "खतही होतं, सफाईही होते" म्हणून ते खपतं. कॅल्शियमच्या पाण्यात सामू पुरेसा खाली गेला नाही तर कॅल्शियम फॉस्फेटचा नवा थर बसतो. 12:61:00 टाकल्यावर पाणी दुधाळ होतं त्यामागेही हेच. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं एका टाकीत कधीच नकोत. चुनखडीसाठी मी हायड्रोक्लोरिकच वापरतो.

सोडायची पद्धत

आधी सगळं फ्लश करा. संच पूर्ण दाबावर आला की प्लॅस्टिकच्या व्हेंच्युरीतून (वाहत्या पाण्याच्या ओढीने द्रव आत खेचणारा जोड) ॲसिड सोडा. जागा धातूच्या फिल्टरनंतर, म्हणजे जाळी खाल्ली जाणार नाही. ॲसिड आधी पाण्यात पातळ करून घ्या. पट्टी घेऊन माणूस शेवटच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरपाशी उभा ठेवा. तिथे तीन-चार दिसेपर्यंत काम झालेलं नाही, व्हेंच्युरीपाशी काय दिसतं याला अर्थ नाही. तिथे रंग आला की ॲसिड पुरेसं पोचलं. पंप बंद करा, संच रात्रभर, जमलं तर 24 तास तसाच ठेवा आणि मग सबमेन, लॅटरल या क्रमाने धुवा. बाहेर पडणारं पहिलं पाणी गुराढोरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नका.

शक्यतो लागवडीआधी किंवा पीक नसताना करा. उभ्या पिकात करायचं असेल तर चारच्या खाली जाऊ नका. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर असतील तर आतल्या पडद्याला हे ॲसिड चालतं का, ते कंपनीला विचारून घ्या.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एका दिवशी, एका बादलीत, एका व्हेंच्युरीत कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, जीव जाऊ शकतो. क्लोरीनची प्रक्रिया करायची असेल तर दुसऱ्या दिवशी, संच साध्या पाण्याने पूर्ण धुऊन.

दुसऱ्या दिवशी परत डबे लावा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहा.

पाण्याचा कागद वाचताना

कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाणी दिलं की चार-पाच आकडे येतात. ईसी म्हणजे एकूण विरघळलेले क्षार, त्यावरून चुन्याचं कळत नाही. मिठाच्या पाण्याची ईसी भरपूर असते, सामू मात्र सात. काठिण्य म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. थर बसायला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही लागतात, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सोडियम जास्त असेल तर प्रश्न ड्रिपरचा कमी आणि जमिनीचा जास्त. चोपण जमिनीचा इलाज ठिबकच्या ॲसिडमध्ये शोधू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

योग्य मात्रेने दोनदा प्रक्रिया करूनही ड्रिपर ठरल्याच्या तीन चतुर्थांशाच्या वर जात नसेल, तर तिसऱ्यांदा ॲसिड ओतू नका. थर आतल्या मार्गात दगड झालाय. लॅटरल बदलायचा खर्च ठिबकच्या तंत्रज्ञाकडून काढून घ्या.

बायकार्बोनेट इतकं जास्त असेल की दर महिन्याला हाच उपद्व्याप करावा लागतोय, तर सतत थोडं ॲसिड देणारा डोसिंग पंप लागतो. त्याची आखणी तज्ज्ञाचं काम, अंदाजाचं नाही.

घाण तांबूस असेल तर लोहासाठी हवा देणं, पाणी साठवून निवळू देणं हे वेगळे उपाय आहेत. पाण्याचा अहवाल घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा.

98 टक्के सल्फ्युरिक सालदाराच्या हाती देऊ नका, आणि सवय नसेल तर स्वतःही हाताळू नका.

व्हेंच्युरी आणि ट्यूबवेलच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, किंवा असून गळत असेल, तर ॲसिड सोडायचंच नाही. वीज गेली की पाणी मागे ओढलं जातं आणि ॲसिड थेट बोअरमध्ये उतरतं. आधी फिटर बोलवून व्हॉल्व्ह बसवा.

डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर कपडे काढून वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि मग सरळ दवाखाना गाठा. सोडा, चुना असलं काही वर लावू नका. आम्लाला आम्लारीने मारताना उष्णता निघते आणि भाजलेलं आणखी भाजतं. कॅनचं लेबल डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्या.